सायलेन्सरच्या टिपा: काजळी, किटण आणि चकाकी (प्रकल्प नोंदी)

काम: तीन गाड्या, पाच टिपा (टिप म्हणजे सायलेन्सरच्या नळीचं बाहेर दिसणारं टोक). दसऱ्याच्या आत, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ च्या आधी, धुऊन-पॉलिश करून परत बसवायच्या.

गाडी अ: टर्बो पेट्रोल हॅचबॅक, डायरेक्ट इंजेक्शन, डावी-उजवी अशा दोन टिपा.
गाडी ब: सीएनजी सेडान, रत्नागिरीच्या बाजूला वापरात. बाहेरून घेऊन बसवलेली एक टिप.
गाडी क: बीएस-४ डिझेल एसयूव्ही, दोन टिपा.

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४: तपासणी

गाड्या सकाळी उभ्या केल्या, हात दुपारी लावला. तापलेल्या टिपेवर कुठलंही रसायन मारलं की ते फुटाणे उडाल्यासारखं उडतं, जागच्या जागी वाळतं आणि पांढरे-पिवळे डाग सोडतं. मग मूळ काजळीपेक्षा हे डाग काढण्यात जास्त वेळ जातो. किमान दोन तास थांबायचं आणि हाताला पूर्ण थंड लागल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

पहिला प्रश्न धातूचा. वरवर पाहता पाचही टिपा 'स्टील'च्या आहेत, पण तिथेच फसायला होतं. तीन कसोट्या लावल्या.

लोहचुंबक: अ च्या टिपांना अंगावर चिकटत नाही, दुमडलेल्या काठावर मात्र किंचित धरतं. ३०४ स्टेनलेस असंच वागतं. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल असलेला हा धातू मुळात चुंबकाला दाद देत नाही, पण वाकवलेल्या-दाबलेल्या जागी त्याची रचना बदलते आणि थोडी ओढ येते. ब ची टिप चुंबकाला ताडकन चिकटली. क च्याही चिकटल्या, पण एवढ्यावरून तो साधा पत्रा ठरत नाही. ४०९ किंवा ४३० जातीचं स्टेनलेसही चुंबकाला धरतं.

रंग: पॉलिश केलेल्या स्टेनलेसच्या चकाकीत पिवळसर-करडी छटा असते, क्रोमच्या चकाकीत निळसर. ब निळसर आहे. अ आणि क पिवळसर.

आतली बाजू: ब च्या आत तोंडापासून तीन-चार सेंटीमीटरवर क्रोम संपतो आणि तांबूस गंज सुरू होतो. म्हणजे साध्या पोलादावर क्रोमचा मुलामा. क च्या आत काजळीखाली गंजाचा मागमूस नाही, त्यामुळे ते चुंबकाला धरणारं स्टेनलेस धरून चालायला हरकत नाही.

हे एवढं पाहायचं कारण: शोभेच्या क्रोमचा थर बहुतेक वेळा अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतो आणि त्याखाली निकेल असतं. स्टेनलेस घासून नवा पृष्ठभाग काढता येतो, कारण आतपर्यंत तोच धातू आहे. क्रोम घासला तर तो जातो, परत येत नाही. हल्ली काही गाड्यांच्या बंपरमध्ये टिपेच्या आकाराची नुसती प्लास्टिकची क्रोम पट्टी असते आणि खरी नळी आत खाली तोंड करून असते. नखाने टिचकी मारली की प्लास्टिकचा आवाज लगेच कळतो. तिथे साबणपाणी आणि मऊ फडकं, बस्स.

दुसरा प्रश्न काजळीचा. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून प्रत्येक टिपेच्या आतून फिरवलं. अ: काळी, कोरडी, तळाच्या काठावर मात्र डांबरासारखी घट्ट. ब: काजळी जवळजवळ नाही, तांबूस भुकटी. क: भरपूर, मऊ, कोरडी काजळी. एकातही तेलाचा तुळतुळीतपणा नाही. तो असता, फडक्यावर तेलाची कडा उमटली असती, तर आधी इंजिन ऑइल जळतंय का ते पाहायला पाठवलं असतं. तेल जळणाऱ्या गाडीची टिप पॉलिश करून आठवड्यात पुन्हा काळी होते. तसंच, बीएस-६ डिझेलला (१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या) डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असतो, त्यामुळे तिची टिप जवळजवळ स्वच्छ राहायला हवी. तिच्या टिपेत काळीभोर काजळी दिसली तर फिल्टर तडकलाय किंवा काढून टाकलाय अशी शंका घ्यावी आणि मालकाला तसं सांगावं.

सोमवार, ३० सप्टेंबर: गाडी अ, भिजवणं

टिपा क्लॅम्पवर आहेत, म्हणून उतरवल्या. बोल्टवर शनिवारीच गंजमोकळा स्प्रे मारून ठेवला होता, १३ च्या पान्याने सुटले. उतरवता येत असेल तर उतरवूनच काम करावं. गाडीवर ठेवून केलं तर बंपरचं काळं प्लास्टिक पांढुरकं पडण्याची भीती सतत राहते आणि आतला भाग कधीच नीट होत नाही.

तळाच्या काठावरचं ते घट्ट किटण कुठून येतं? एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास तेवढंच, सुमारे ९०० मिली, पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. गाडी थंड असताना ती वाफ नळीतच थिजते, काजळी आणि अर्धवट जळालेलं इंधन बरोबर घेऊन पुढे येते आणि टिपेच्या तळाशी साचते. थंड इंजिनाला इंधनही जास्त दिलं जातं, म्हणजे काजळी जास्त. नंतर गाडी तापली की हे मिश्रण भाजून निघतं. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणारी गाडी म्हणूनच जास्त काळी होते. थरावर थर बसतात. शनिवारी डाव्या टिपेच्या तळाला लाकडी काडी खुपसून पाहिली होती, थर दीड मिलिमीटरच्या आसपास भरला.

शुद्ध कार्बन कशातच विरघळत नाही. विरघळतो तो त्याला धरून ठेवणारा चिकट, तेलकट भाग. म्हणून भिजवायला वेळ द्यावा लागतो. जोर लावून उपयोग नसतो, उलट ओरखडे पडतात.

द्रावण: ३ लिटर गरम पाणी (६० अंशांच्या आसपास), १५० ग्रॅम धुण्याचा सोडा, भांडी घासायचा लिक्विड साबण दोन चमचे. प्लास्टिकच्या बादलीत टिपा तोंड खाली करून ४० मिनिटं. हातात रबरी मोजे. टिप ॲल्युमिनियमची असेल तर हे द्रावण वापरू नये, ती काळवंडते.

पाणी पहिल्या दहा मिनिटांत चहासारखं झालं. ४० मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने आतला दोन तृतीयांश मळ सुटला. तळाचा थर हलला नाही. त्यावर कार्ब क्लीनर मारला, वर कागदी टिश्यू चिकटवून तो ओला राहील असं पाहिलं, पाच मिनिटं. उघड्यावर काम, जवळ विस्तव नाही. मग आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडलं. थर सालपटासारखा निघाला, खाली चकचकीत धातू. तीन वेळा करावं लागलं. काडी बोथट झाली की टोक कापून घ्यायचं. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, पटाशी जवळही ठेवू नये.

चिमणी साफ करायचा कॉस्टिकचा स्प्रे हेच काम एका फेरीत करतो. पण फक्त उतरवलेल्या स्टेनलेस टिपेवर, डोळ्यांना चष्मा लावून. रंगावर किंवा ॲल्युमिनियमवर थेंब पडला तर नुकसान भरून येत नाही.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो: संडास साफ करायचं ॲसिड टिपेला लावायचं नाही. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे गंज झटकन निघाल्यासारखा दिसतो खरा. पण क्रोमचा मुलामा त्यात विरघळतो आणि स्टेनलेसला क्लोराइडमुळे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. एकदा पडलेला खड्डा खोल जात राहतो.

मंगळवार, १ ऑक्टोबर: गाडी अ, तपकिरी ठिपके

काल धुऊन उलट्या ठेवलेल्या टिपांपैकी उजवीवर सकाळी बारीक तपकिरी ठिपके. बाहेरच्या अंगावर, एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांच्या ओळीत. स्टेनलेसला गंज कसा? स्टेनलेसला नव्हेच. आधी कुणीतरी भांड्यांच्या साध्या तारेच्या घासणीने टिप घासलेली आहे. त्या तारेचे लोखंडी कण ओरखड्यांत रुतून बसलेत आणि गंजतायत ते कण. इतके दिवस वर मळ होता म्हणून दिसत नव्हते.

हे तसेच ठेवून वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) मारला तर कण पसरतात. म्हणून आधी सायट्रिक आम्ल. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, टिप पूर्ण बुडेल असं, ३० मिनिटं. स्टेनलेसच्या निष्क्रियीकरणासाठी कारखान्यांत ४ ते १० टक्क्यांचं सायट्रिक द्रावण वापरतात, तेच तत्त्व: आम्ल सुट्टं लोखंड खातं, क्रोमियमला हात लावत नाही आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर पुन्हा नीट धरतो. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं केलं. संध्याकाळी ओलं फडकं गुंडाळून रात्रभर ठेवलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर: गाडी अ, वॉटर पेपर

बुधवारी ओलं फडकं सोडून पाहिलं, ठिपके नाहीत. आज पेपर.

डावी टिप बरी आहे, तिला थेट १५०० नंबरपासून सुरुवात (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). उजवीवर तारेचे ओरखडे नखाला लागतात, म्हणून ६००, ८००, १०००, १५००, २००० असा पूर्ण क्रम. पाण्यात साबणाचा एक थेंब, पेपर दहा मिनिटं आधी भिजवलेला, मागे रबराचा मऊ ठोकळा. बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्या रुंदीचे पट्टे उमटतात आणि ते बफ केल्यावरच, म्हणजे फिरत्या सुती चाकाने चकाकी आणल्यावरच, दिसतात.

गोल वस्तूवर दिशा ठरवून घ्यावी लागते. ६०० नळीच्या लांबीत, ८०० गोलाईत, १००० पुन्हा लांबीत. आधीच्या नंबरच्या रेघा आडव्या दिसत असतील तोवर पुढचा नंबर घ्यायचा नाही. इथे एक सोपी युक्ती आहे: पुढच्या नंबरआधी पृष्ठभागावर परमनंट मार्करने आडव्या रेघा ओढायच्या. रेघांची शाई जिथे रेंगाळते तिथे ओरखडा खोल आहे. उजव्या टिपेवर ६०० ला एकटीला २५ मिनिटं लागली, बाकी प्रत्येकी आठ ते दहा. घाई ६०० वर केली की १५०० वर पश्चात्ताप होतो आणि परत मागे यावं लागतं.

प्रत्येक नंबरनंतर टिप आणि हात धुवायचे, पाणी बदलायचं. ६०० चा एक कण २००० च्या पेपराखाली आला की पाऊण इंचाची नवी रेघ पडते. आज एकदा पडली, १००० वर परत गेलो.

आतली भिंत आरशासारखी करण्यात वेळ घालवला नाही. करड्या रंगाच्या नायलॉन पॅडने एकसारखी सॅटिन, म्हणजे मंद चकाकीची, केली. स्वयंपाकघरातला हिरवा स्क्रब त्यापेक्षा खरखरीत असतो, तो बाहेरच्या चकचकीत अंगाला लावू नये.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर: गाडी अ, बफ

७५ मिमीचा सुती बफ ड्रिलवर, मिनिटाला २५०० ते २८०० फेरे. साबण (बफला लावायची पॉलिशची वडी) हिरवा, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा, स्टेनलेसला हाच लागतो. फिरत्या बफला साबण दोन सेकंद टेकवायचा, तेवढा पुरतो. जास्त लावला की काळे चिकट डाग टिपेवर साचतात आणि माणूस त्यांनाच मळ समजून अजून घासत बसतो.

काठाशी सर्वांत जास्त जपायचं. बफची फिरण्याची दिशा काठावरून बाहेर जाणारी हवी. काठाकडे येणारी असेल तर कड बफमध्ये अडकते, टिप हातातून हिसकली जाते आणि ड्रिल धरलेलं मनगट फिरतं. टिप शिकंज्यात लाकडी फळ्यांमध्ये धरली होती. मोजे सैल नकोत, बाही वर.

एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की धातू तापतो, साबण जळतो आणि धुरकट पट्टा येतो. तसं झालं तर टर्पेंटाइनने पुसून पुन्हा हलक्या दाबाने. शेवटी नवा स्वच्छ बफ, साबण जवळजवळ नाही. उरलेला तेलकटपणा काढायला कोरड्या फडक्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोर घेऊन पुसलं. खिडकीच्या उजेडात टिप फिरवून पाहिली: ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ, कडा न फाटलेली. उजव्या टिपेच्या खालच्या बाजूला दोन जुने खोल ओरखडे राहिले आहेत. ते काढायला पत्रा नको इतका पातळ होईल. सोडून दिले.

शनिवार, ५ ऑक्टोबर: गाडी अ, लेप

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, दोनदा पुसलं. तेलाचा अंश राहिला तर लेप धरत नाही. साधं कार्नोबा मेण इथे फुकट जातं, ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि टिप हायवेवर त्याहून सहज वर जाते. चाकांसाठी येणारा, उष्णता सोसणारा सीलंट घेतला. पातळ पहिला हात, तासाभराने दुसरा, आत बोट पोचेल तिथपर्यंत. पुढचे २४ तास पाणी नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर: गाडी ब, क्रोमची टिप

इथे पेपर नाही, बफ नाही. साबणपाण्याने धुऊन आधी काय उरलंय ते पाहिलं. वरच्या अंगावर तीसेक तपकिरी ठिपके, काठावर दोन ठिकाणी मुलामा फुगलेला.

एक किलो पेट्रोल जळून सव्वा किलोच्या आसपास पाणी होतं, एक किलो मिथेन जळून सव्वादोन किलो. सीएनजी गाडीची टिप काळी होत नाही, पण आतून ओली राहते. वर समुद्राची खारी हवा. साध्या पोलादाला आणखी काय हवं? गंज आतून आणि काठावरून सुरू होतो आणि मुलाम्याखाली शिरतो.

ठिपक्यांसाठी ॲल्युमिनियम फॉइल. पोळ्या गुंडाळायची, हाताच्या तळव्याएवढी, चुरगाळून पाण्यात बुडवलेली. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा पडत नाही, गंज मात्र निघतो. हलक्या हाताने, छोट्या गोलात. अर्ध्या मिनिटात करडी-तपकिरी लापशी तयार होते, ती पुसायची, फॉइलचा नवा तुकडा घ्यायचा. तीसपैकी बहुतेक ठिपके पूर्ण गेले. सातआठ ठिकाणी मधोमध काळा बिंदू राहिला: तिथे क्रोमला भोक आहे आणि खाली पोलाद उघडं आहे. ते घासून जाणार नाही.

लगेच हेअर ड्रायरने पाच मिनिटं सुकवली, नाहीतर बिंदूंत पाणी राहतं. मग कापसाच्या काडीने प्रत्येक बिंदूत सीलंट. फुगलेल्या जागा दाबल्या नाहीत, पापुद्रा निघाला तर कडा पसरत जाते. आतल्या उघड्या पोलादावर गंज तारेच्या ब्रशने काढून (इथे तारेचा ब्रश चालतो, हे स्टेनलेस नाही) ६०० अंश सोसणारा सिल्व्हर रंग, दोन पातळ हात.

मालकासाठी टिपण: ही टिप एक-दोन पावसाळे काढेल. पुन्हा क्रोम करून घेण्यापेक्षा ३०४ ची नवी टिप घेतलेली परवडते.

बुधवार, ९ ऑक्टोबर: गाडी क

टिपा सायलेन्सरलाच वेल्ड आहेत, उतरत नाहीत. बंपरच्या खालच्या कडेला आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप दुहेरी. नळीत हात जाईल तिथे फडक्याचा बोळा कोंबला, त्याला लांब लाल चिंधी बांधली आणि तिचं दुसरं टोक स्टिअरिंगला. बोळा विसरून गाडी सुरू करणं ही या कामातली नेहमीची चूक आहे.

ऑल पर्पज क्लीनर पाण्यात एकास चार, पाच मिनिटं, वाळू न देता. डिझेलची काजळी मऊ असल्यामुळे दोन फेऱ्यांत धातू दिसला. खाली डांबराचे ठिपके, नव्या रस्त्याचे. टर्पेंटाइनने भिजवलेलं फडकं दोन मिनिटं ठेवून पुसले. मग हाताने मेटल पॉलिश, मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं. फडकं काळं होतं ते पॉलिश काम करतंय म्हणून, मळ उरलाय म्हणून नव्हे. काठाजवळ सोनेरी छटा आहे, ती उष्णतेने आलेली. स्टेनलेसवर ती ३०० अंशांच्या आसपास दिसू लागते. पॉलिशने निम्मी गेली.

सायलेन्सरच्या तळाला पाणी निथळायचं बारीक भोक असतं. तिथे काजळीचं बूच बसलं होतं, तारेने मोकळं केलं. त्यावर पॉलिश किंवा टेप राहू देऊ नये.

गुरुवार, १० ऑक्टोबर: जोडणी

अ च्या क्लॅम्पचे बोल्ट स्टेनलेसचे आहेत, आट्यांना अँटी-सीझ लावल्याशिवाय आवळले नाहीत. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांना धरतात आणि पुढच्या वेळी बोल्ट तुटतो. टिप बंपरच्या कडेपासून सगळीकडे १५ मिमी दूर ठेवली आणि किंचित बाहेर. आत राहिली तर धूर बंपरलाच काजळी लावतो. डाव्या बाजूचं हँगर रबर (सायलेन्सर ज्यावर टांगलेला असतो ते) लोंबलेलं होतं, बदललं, त्याशिवाय अंतर सारखं होत नव्हतं. गाड्या शेडबाहेर आणून दहा मिनिटं सुरू ठेवल्या. अ मधून सुरुवातीला थोडी वाफ आणि सीलंटचा वास, मग काही नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर: महिन्यानंतरची पाहणी

अ: तळाच्या काठावर काजळीची पातळ रेघ. ओल्या फडक्याने एका पुसण्यात गेली, किटण धरलेलं नाही. उजवीवर तपकिरी ठिपका एकही नाही. ब: दोन काळे बिंदू पुन्हा तांबूस, एक फुगवटा आधीपेक्षा मोठा. फॉइल आणि सीलंट पुन्हा केलं, नव्या टिपेचं माप घेतलं: नळीचा बाहेरचा व्यास ४२ मिमी. क: आत पूर्ण काळी, बाहेरून स्वच्छ. डिझेलला आतून काळी होणारच, दर पंधरवड्याला गाडी धुताना साबणपाण्याचा ब्रश आत फिरवायला सांगितलं.